अंकांच्या गावात (भाग ७) : हातचा आला, आठ गेला

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या पाठ करावी लागत नाही. नऊपर्यंत चढायचे आणि तसेच उतरायचे. व्हॉट्सॲपवर ती अधूनमधून ‘गणिताचा चमत्कार’ म्हणून फिरते. चमत्कार कसला! १११११११११ म्हणजे नऊ वेळा लिहिलेला एक, त्याचा हा वर्ग. शाळेतल्या उभ्या गुणाकारात तिचे सारे गुपित मावते.

मांडून पाहा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. एककाच्या घरात एकच एक उतरतो, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. मधोमध नऊ भरतात आणि तिथून उतरण लागते. कुठेच हातचा येत नाही, म्हणून मांडलेल्या ८१ एकांपैकी एकही हरवत नाही. उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१ येते ती याचमुळे.

या घराण्याला नाव दिले ते मागच्या आठवड्यात ६१७४ च्या निमित्ताने भेटलेल्या द. रा. कापरेकरांनी. देवळालीच्या या शाळामास्तरांना असल्या संख्यांचा विचार सुचला तो जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला. म्हणून या ‘डेम्लो संख्या’. त्यांची मूळ व्याख्या बरीच व्यापक होती. लोकांच्या लक्षात मात्र १, १२१, १२३२१ ही देखणी भावंडेच राहिली.

कापरेकरांची दुसरी एक कल्पना इथे नेमकी भेटते. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. आपल्या संख्येला ८१ ने भागा : भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, म्हणजेच १२३४५६७९ चा वर्ग. (त्या १२३४५६७९ मधून आठ बेपत्ता आहे, हे पाहिलेत ना?) नऊ भावंडांत हा मान तिघांनाच : १, १२३२१ आणि ही थोरली. मूळ एकांची संख्या अनुक्रमे १, ३ आणि ९.

आता दहा एकांचा वर्ग करा. मला तर ही मोडतोड त्या देखण्या मनोऱ्यापेक्षा जास्त आवडते. मधल्या घरात दहा जमतात : शून्य लिहा, हातचा एक. डावीकडच्या नवात तो मिळून पुन्हा दहा; पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो पुढच्या आठाला मिळतो आणि आठाचा नऊ होतो. उत्तर : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गेला. दर हातच्याला दहा एकांच्या जागी एकच उरतो, म्हणजे नऊ घटतात. दोन हातच्यांत अठरा. शंभर एकांतून उरले ८२.

ही संख्या हर्षद आहे का, हे पाहायला भागाकार नको. ती विषम आहे आणि ८२ सम. भाग जाणारच नाही. अकरा एकांचा वर्ग तुम्ही करा, पण कागदावर. मोबाइलचा कॅल्क्युलेटर बहुधा शेवटचे अंक गिळून टाकील.