आस्यासुख आणि कुमारवय

'चयापचय' हा शब्द मराठीत आता शालेय पाठ्यपुस्तकांतही रुळला आहे. चय म्हणजे संचय, रचना. अपचय म्हणजे विघटन. अन्नातून मिळणाऱ्या द्रव्यांची शरीरात अखंड चालणारी उभारणी आणि मोडणी यांचे हे जोडनाव होय. या व्यापाराचा तोल ढळला म्हणजे रक्तातील शर्करा, मेद आणि रक्तदाब हळूहळू वाढू लागतात. हा बिघाड उतारवयाचा, असा सर्वसाधारण समज असला तरी २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षे वयाच्या सुमारे दहा टक्के मुलामुलींत मधुमेहाची पूर्वावस्था आढळली. प्रश्न कुमारवयापर्यंत येऊन पोहोचला आहे.

आपल्या वैद्यकपरंपरेला या विकाराचा बैठ्या जीवनाशी असलेला संबंध अपरिचित नव्हता. प्रमेहाची कारणे सांगताना चरकसंहिता आरंभीच 'आस्यासुख', म्हणजे बसून राहण्याचे सुख, सांगते. सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद मानले. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल व शय्यासनाची आवड असलेला. निर्धन रोग्याने अनवाणी, छत्रावाचून शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असाही उपचार तेथे येतो. वर्णनात प्रायश्चित्ताचा सूर आहे खरा; पण रोगी देहाला श्रमाची गरज आहे, हे निरीक्षण अचूक आहे.

आधुनिक शरीरशास्त्र या निरीक्षणाचे कारण स्नायूंत शोधते. भोजनानंतर रक्तात आलेल्या शर्करेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. एरवी त्यांचे द्वार उघडण्यास इन्सुलिन लागते. स्नायू काम करू लागला की मात्र तो इन्सुलिनच्या आज्ञेची वाट न पाहताही शर्करा आत घेतो, आणि श्रम थांबल्यावर एक-दोन दिवस इन्सुलिनला अधिक तत्परतेने प्रतिसाद देतो. परिणाम टिकाऊ नसल्यामुळेच व्यायामात सातत्य हवे. सुट्टीत एकदा गड चढून आल्याने वर्षाची बेगमी होत नाही.

कुमारवयात या प्रक्रियेला आणखी एक पदर असतो. यौवनागमाच्या काळात वाढीच्या संप्रेरकांमुळे शरीर इन्सुलिनला काहीसे जुमानेनासे होते. हे नैसर्गिक आहे. स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवून तूट भरून काढते आणि वाढ पुरी होताना तोल पूर्ववत होतो. परंतु याच वर्षांत मेद वाढला आणि हालचाल घटली, तर तो पूर्ववत होईलच असे नाही. शिवाय या वयात जडलेला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह प्रौढांतील मधुमेहापेक्षा वेगाने बळावतो.

भारतीय देहाची एक वेगळी अडचण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून पुढे आली. पुणे परिसरातील खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो आढळले. तूट मुख्यतः स्नायूंची व अंतर्गत अवयवांची होती. त्वचेखालचा मेद जवळजवळ राखलेला होता. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, मेदाचे प्रमाण मात्र युडकिनांच्या देहात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! सुश्रुताने वेगळे काढलेले कृश आणि स्थूल येथे एकाच देहात नांदतात. म्हणूनच 'मुलगा सडपातळ आहे, त्याला काय धाड भरली आहे?' हा घरोघरचा युक्तिवाद फसवा ठरतो. उणीव स्नायूंची असेल तर ती वजनाच्या काट्यावर दिसणार कशी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला. या दुसऱ्या अटीला मराठी मुलखात जुनी सोय आहे: जोर, बैठका, मल्लखांब. 'तालीम' या मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण. मराठीत मात्र त्याने आखाडा आणि नाटकाचा सराव असे दोन्ही अर्थ धारण केले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी व्यायामाचा ज्ञानकोशच दहा खंडांत सिद्ध केला. त्या काळाचा भर बलोपासनेवर आणि राष्ट्रकार्यावर होता. रक्तशर्करेचा विचार त्यात नव्हता. हेतू बदलला, तरी बैठकांनी मांडीच्या स्नायूंवर होणारा परिणाम तोच राहतो.

अडचण ज्ञानाची नसून वेळापत्रकाची आहे. दहावीचे वर्ष जवळ आले की प्रथम कात्री लागते ती खेळाच्या तासाला, आणि शाळेच्या संघात निवड न झालेली मुले मैदानाच्या कडेला बसून राहतात. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातील ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करीत नव्हती. मुलांत हे प्रमाण ७८, मुलींत ८५ टक्के होते. मुलींच्या बाबतीत घरकाम, संध्याकाळी बाहेर पडण्यावरचे निर्बंध आणि ऋतुप्राप्तीनंतर मैदानाशी तुटणारा संबंध, ही कारणे वैद्यकाच्या कक्षेबाहेरची आहेत. दोरीच्या मल्लखांबाला छताची कडी आणि थोडी जागा पुरते, आणि अनेक व्यायामशाळांत तो मुलीच अधिक करताना दिसतात.