मत आहे, मग सातबारा का नाही?

स्वतंत्र भारतात गरीब-श्रीमंत सगळ्यांना मताचा हक एकाच वेळी मिळाला. जमिनीचा हक मात्र तसा मिळाला नाही. आपल्या खानदेशात, जळगाव-धुळ्याच्या भागात, हे अंतर आजही दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आणि तैवानमध्ये वरून हुकूम निघाला आणि जमीनवाटप झपाट्याने झाले. आपल्याकडे ते निवडून आलेल्या विधानसभेतून आले, आणि तिथे बड्या शेतकऱ्यांचे वजन होते. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. पण ज्याचे नाव कागदावर नव्हते, तो कोरडाच राहिला. काहींकडून तर जमीन राजीखुशीने सोडल्याचे अंगठे घेतले गेले.

मग लोकशाहीचा उपयोग काय? त्याचे उत्तर शहाद्याने दिले. हा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. 1998 पासून तो नंदुरबारमध्ये आहे. सावकार आणि सधन शेतकऱ्यांकडे गेलेल्या जमिनींसाठी अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने 1972 च्या सुमारास भिल्ल मजूर संघटित झाले. श्रमिक संघटना उभी राहिली. पुढे राज्याने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्यात आल्या. त्यानंतर आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही.

ही गोष्ट आपल्या घरातली आहे. यावल, रावेर, चोपडा भागातले तडवी भिल्ल बांधव मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत. जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. म्हणून हे संरक्षण त्यांनाही आहे. एकाच सफमध्ये नमाजला उभे राहणाऱ्या शेजाऱ्यानेही तडवी भावाची अडचण पाहून साध्या स्टँपपेपरवर त्याचे शेत लिहून घेऊ नये. तो व्यवहार कायद्याला मान्य नाही, आणि इन्साफालाही नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी वनजमीन कसणाऱ्यांसाठी 2006 चा वनहक्क कायदा आहे. आदिवासी कुटुंब 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत असेल, तर ताब्यातल्या जमिनीवर, जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत, हक्क मागता येतो. सुरुवात ग्रामसभेपासून होते. दावा नाकारला तर 60 दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. नोव्हेंबर 2018 मध्ये खानदेशातले आदिवासी शेतकरी ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत चालत गेले. वनजमिनीचे रखडलेले दावे ही त्यांची मोठी मागणी होती.

या कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. वनहक्क समितीत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. मिरासीत मुलीचा वाटा ठरलेला आहे हे जाणणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटू नये. नवल वाटावे ते याचे, की ग्रामसभेच्या दिवशी आपल्या बायका घरीच असतात.

म्हणून आम्ही वाचकांना एवढेच सांगू: या महिन्यात घरचा सातबारा काढून वाचा. कोणाचे नाव आहे, कोणाचे राहिले, वारसनोंद झाली का, ते पाहा. वनदावा असेल तर त्याची पोच आणि नाकारल्याचे पत्र जपून ठेवा. आणि पुढच्या ग्रामसभेला आई-बहिणींना सोबत न्या. मत पाच वर्षांनी एकदा द्यायचे असते. ग्रामसभेत मात्र वर्षातून अनेकदा बोलता येते.