सौर पॅनेलची वीज जाते कुठे? कंट्रोलर पारखून घ्या

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे भागातील गाळ्यांत किंवा नालासोपाऱ्याच्या छोट्या कारखान्यांत पत्र्यावर दोन-चार पॅनेल आणि खाली बॅटरी बसवावी, असा विचार करणाऱ्या कारागीर बांधवांसाठी आम्ही हे लिहीत आहोत. पॅनेलची चौकशी सगळेच करतात. पॅनेल व बॅटरी यांच्या मधल्या डब्याची, म्हणजे चार्ज कंट्रोलरची, फारसे कोणी करीत नाही. नुकसान तिथेच होते.

पॅनेल आपली पूर्ण शक्ती एका ठराविक व्होल्टेजलाच देते. ३६ सेलचे १०० वॅटचे पॅनेल सुमारे १८ व्होल्टवर साडेपाच अँपिअर देते. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर ते थेट बॅटरीला जोडतो. बॅटरी १३ व्होल्टवर असेल तर पॅनेललाही १३ वर उतरावे लागते. अँपिअर मात्र तेवढेच राहतात. हिशेब करा, हाती जेमतेम ७२ वॅट! एमपीपीटी कंट्रोलर पॅनेलला १८ व्होल्टवरच ठेवतो आणि जादा व्होल्टेजचे अँपिअर करून देतो. बॅटरीत सात अँपिअर जातात. ही जागा तो चाचपडत शोधतो. दुकानदार भाव थोडा चढवून गल्ला पाहतो, वाढला तर पुढे, घटला तर मागे, तसेच.

खरा फटका मोठ्या पॅनेलला बसतो. ७२ सेलचे ३३० वॅटचे पॅनेल सुमारे ३७ व्होल्टवर चालते. ते साध्या कंट्रोलरने १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले, तर ११५-१२० वॅटच मिळतात. दोन-तृतीयांश पैसा पत्र्यावर वाळत पडला म्हणायचा.

उलट, एका छोट्या ३६ सेलच्या पॅनेलवर दिवा-पंखाच चालवायचा असेल, तर महाग कंट्रोलरची गरज आम्हाला वाटत नाही. मे महिन्यात पॅनेल तापले की त्याचे व्होल्टेज उतरते आणि एमपीपीटीचा फायदाही आटतो.

आता फसवणुकीविषयी. स्वस्त डब्यांवर ‘एमपीपीटी’ छापलेले असते, आत मात्र साधाच कंट्रोलर निघतो. पारख सोपी आहे. सकाळी दहाच्या सुमारास, चांगल्या उन्हात, बॅटरी अर्धवट उतरलेली असताना डी.सी. मोजणारा क्लॅम्प मीटर आधी पॅनेलच्या वायरवर व मग बॅटरीच्या वायरवर लावा. (नेहमीचा ए.सी.चा क्लॅम्प मीटर इथे उपयोगी नाही.) दोन्हीकडे अँपिअर सारखेच असतील तर माल खोटा. बॅटरीकडे जास्त असतील तर खरा. दुकानदाराकडून ही चाचणी करून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आपल्याकडे नारळाची, पाण्याच्या टाकीची, शेजारच्या इमारतीची सावली हा आणखी एक प्रश्न. साखळीतील काही पॅनेलांवर सावली आली की शक्तीचे एकच शिखर न राहता अनेक होतात आणि चाचपडणारा कंट्रोलर लहान शिखरावरच अडकून बसतो. सर्वांत उंच शिखर गाठण्याची एक रीत पवईच्या आयआयटी मुंबईतील हिरेन पटेल व विवेक अग्रवाल यांनी २००८ साली प्रसिद्ध केली. विकत घेताना कंट्रोलरमध्ये सावलीसाठी अशी सोय आहे का, हे जरूर विचारा. पत्र्याच्या पूर्व आणि पश्चिम उतारावरील पॅनेल मात्र एकाच साखळीत जोडू नका. दोन स्वतंत्र एमपीपीटी असलेला इन्व्हर्टर घ्या.