एक वार... दोन वार... आणि खिशावर वार!

मंडळी, आधी एक सोप्पा प्रश्न. तुम्ही दुकानात गेलात. काउंटरवरच्या वस्तूवर किंमत लिहिलीय २,००० रुपये. शेजारी उभा असलेला एक अनोळखी माणूस म्हणाला, "मी २,१०० देतो." तुम्ही काय कराल? "घे बाबा, तुलाच लखलाभ," असं म्हणून पुढच्या दुकानात जाल. बरोबर? पण हीच वस्तू ऑनलाइन लिलावात असली की तोच अनोळखी माणूस आपला सात जन्मांचा वैरी होतो! आपण २,२०० टाकतो. तो २,३००. आपण २,४००... हे असं का होतं आणि त्यावर उपाय काय, ते सांगायचा हा प्रयत्न. (सिलॅबसमध्ये नाही, त्यामुळे वाचायला हरकत नाही.)

शाळेत आम्हाला 'ऑक्शन' शिकवलं. 'लिलाव' हा शब्द मला आजीकडून मिळाला. हा शब्द मूळचा पोर्तुगीज. पाव, बटाटा, चावी यांच्याबरोबरच तोही आपल्याकडे आला आणि इथलाच झाला. आजी बोलीला 'सवाल' म्हणते. "वरचा सवाल कुणाचा?" असं विचारलं जायचं, मग "एक वार, दोन वार, तीन वार" आणि विषय संपला. ऑनलाइन लिलावात फरक इतकाच की 'तीन वार' म्हणायला माणूस नसतो, घड्याळ असतं.

मोडक्या वस्तूपासून सुरुवात

ईबे ही साइट सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार या प्रोग्रामरने कॅलिफोर्नियात सुरू केली. तेव्हा नाव होतं 'ऑक्शनवेब'. तिच्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून जी सांगतात, ती होती एक मोडका लेझर पॉइंटर, आणि किंमत आली १४.८३ डॉलर! आपल्याकडे २००० साली मुंबईत 'बाझी डॉट कॉम' सुरू झाली. २००४ मध्ये ती ईबेने साधारण ५ कोटी डॉलरला घेतली आणि २०१८ मध्ये ईबेची भारतातली साइट बंद झाली. म्हणून लिलाव संपले असं नाही हं. परदेशी साइट्सवरून वस्तू मागवता येतात, जुनी नाणी, तिकिटं, कॅमेरे, घड्याळं यांचे लिलाव चालूच आहेत.

आता यंत्र कसं चालतं ते पाहू. ईबेसारख्या साइटवर तुम्ही तुमची कमाल किंमत सांगून ठेवता. समजा ३,००० रुपये. ती दुसऱ्या कुणाला दिसत नाही. दुसऱ्याची कमाल आहे २,२०० आणि बोली ५० रुपयांनी वाढते. तर कॉम्प्युटर तुमच्या वतीने बोली लावत जातो आणि २,२५० वर थांबतो. म्हणजे तुम्ही ३,००० म्हणालात तरी देणार २,२५०. दुसऱ्या नंबरच्या माणसाने ठरवलेली किंमत अधिक एक पायरी. विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने (आडनाव खरंच 'विक्री'सारखं वाचता येतं, माझा दोष नाही!) १९६१ मध्येच बंद लिफाफ्यातल्या अशा लिलावाचं गणित मांडलं होतं. त्यात शहाणपणाची चाल एकच: वस्तू तुमच्यासाठी जेवढ्या किमतीची आहे तेवढा आकडा एकदाच, खरा खरा लिहायचा. कमी लिहून फायदा नाही, जास्त लिहून तर नाहीच. विक्रीला १९९६ मध्ये नोबेल मिळालं.

इतकं सोपं आहे तर मग लोक बुडतात कसे? कारण लोक आकडा एकदा लिहून गप्प बसत नाहीत. "तुमच्यापेक्षा वरची बोली आली आहे" असा मेसेज आला की परत येतात. परत आकडा वाढवतात. इथेच घात होतो.

बंड्याचा कॅमेरा

आमच्या विंगमधला एक मित्र, त्याला आपण बंड्या म्हणू (त्याने परवानगी दिली आहे, नाव छापायची नाही). बंड्याला रोलवाला जुना कॅमेरा हवा होता. शहरातल्या एका रिपेअरवाल्याकडे तसाच कॅमेरा, सर्व्हिसिंग करून, ६,००० रुपयांना होता. पण एका परदेशी साइटवर लिलाव ८०० रुपयांच्या आसपास सुरू झालेला. बंड्याने ठरवलं, ५,००० च्या वर जायचं नाही. चार दिवस तो सगळ्यात वर होता. मेसमध्ये सगळ्यांना "माझा कॅमेरा येतोय" असं सांगून झालं. शेवटच्या रात्री कुणीतरी वरची बोली लावली आणि पुढच्या वीस मिनिटांत बंड्या ८,६०० वर पोचला. जिंकला! विंगमध्ये आरडाओरडा झाला. मग आला पोस्टेजचा खर्च, मग कस्टम ड्यूटी. एकूण १२,९०० रुपये. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

हे पैसे कुठले? परीक्षेच्या फॉर्मचे आणि दोन महिन्यांच्या मेसचे. बंड्याचे बाबा एसटीत कंडक्टर आहेत. फॉर्म लेट फी देऊन भरला, संध्याकाळचं जेवण महिनाभर वडापाववर निभावलं. मी त्याला विचारलं, "अरे ६,००० ला शहरात मिळत होता ना?" तर त्याचं उत्तर ऐका: "हो रे, पण मग मी हरलो असतो!"

या एका वाक्यात अख्खा लेख आहे. विकत घ्यायला गेलेला माणूस मधेच कुठेतरी खेळायला लागला होता.

डोक्यात नक्की काय होतं?

पहिलं कारण: वस्तू मिळायच्या आधीच 'आपली' होते. १९९० मध्ये काहनमन, नेच आणि थेलर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, अर्ध्यांना नाही. मग मिळालेले विद्यार्थी तो विकायला जेवढी किंमत मागत होते, ती घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त होती. मग तोच! फक्त हातात आला म्हणून महाग झाला. लिलावात चार दिवस सगळ्यात वर राहिलं की असंच होतं. वस्तू हातात नसते, पण मनात शेल्फवर ठेवून झालेली असते. मग वरची बोली आली की "दुसऱ्याने घेतली" असं वाटत नाही, "माझी हिसकावली" असं वाटतं.

दुसरं कारण: घड्याळ आणि शत्रू. शेवटची पाच मिनिटं, सेकंद उलटे मोजले जातायत आणि समोर एक माणूस. विचार करायला वेळच नाही. त्यात साइटची भाषा बघा. "अभिनंदन, तुम्ही जिंकलात!" आपण किराणा दुकानातून साबण 'जिंकून' आणतो का? विकत आणतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा पॉझिटिव्ह फीडबॅक आहे. गॅदरिंगला माइक स्पीकरसमोर धरला की जो कर्कश आवाज येतो ना, तेच. तुझी बोली बघून माझी वाढते, माझी बघून तुझी, आणि मधे कुणी गेन कमी करत नाही.

तिसरं कारण: आधी सुरुवात केली म्हणून सोडवत नाही. याचा झकास खेळ मार्टिन शुबिक याने १९७१ मध्ये लिहिला. आपण तो रुपयांत करू. मी १०० ची नोट लिलावाला काढली. नियम एकच: जास्त बोलीवाल्याला नोट मिळेल, पण दुसऱ्या नंबरवाल्यालाही आपली बोली भरावी लागेल, आणि हाती काही नाही. दहा-वीस रुपयांपर्यंत सगळे हसत असतात. मग एक जण ८० वर, दुसरा ९० वर. ८० वाला विचार करतो, सोडलं तर ८० गेले, १०० म्हटलं तर निदान बरोबरीत सुटेन. तो १०० म्हणतो. आता ९० वाला अडकला! सोडलं तर ९० गेले, ११० म्हटलं तर फक्त १० गेले. म्हणून तो शंभराच्या नोटेला ११० देतो. प्रत्येक पायरी हिशेबाने बरोबर, आणि शेवट वेडेपणाचा. दर बोलीला पैसे घेणाऱ्या 'पेनी ऑक्शन' साइट्स याच तत्त्वावर चालल्या. जर्मनीतून सुरू झालेली स्वूपो ही त्यातली गाजलेली, २०११ मध्ये बंद पडली. अशा साइटचा हिशेब करून बघा. एक बोली ६० सेंटची आणि दर बोलीला किंमत १ सेंटने वाढते. वस्तू '५० डॉलरला गेली' म्हणजे ५,००० बोल्या झाल्या, म्हणजे नुसत्या बोल्यांचे ३,००० डॉलर. जिंकणारा खूश, साइट त्याहून खूश, बाकीच्यांनी हवा विकत घेतली.

विजेत्याचा शाप

चौथं कारण मला सगळ्यात आवडतं, कारण ते इंजिनिअर्सनी शोधलं. १९७१ मध्ये केपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या अमेरिकन तेल कंपनीतल्या तिघांनी एक पेपर लिहिला. समुद्रातल्या तेलाच्या जागांचे लिलाव कंपन्या जिंकायच्या आणि नंतर अपेक्षेइतका फायदा व्हायचाच नाही. का?

फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकल आठवा. वीस जणांनी एकच रॉड मोजला तर वीस रीडिंग येतात. सरासरी साधारण बरोबर असते. पण लिलाव सरासरी घेत नाही, तो सगळ्यात मोठं रीडिंग निवडतो! म्हणजे जिंकतो तो, ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकला.

आकडे घालू. वस्तूची खरी किंमत १,००० आहे आणि लोकांचे अंदाज ८०० ते १,२०० मध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेने पडतात. प्रत्येक जण आपल्या अंदाजापर्यंत बोली लावतो आणि जिंकणारा दुसऱ्या नंबरची किंमत देतो. तर ३ जण असतील तेव्हा जिंकणारा सरासरी १,००० देईल. ९ जण असतील तर १,१२०. १९ जण असतील तर १,१६०. कुणीही वेड्यासारखं वागलं नाही, कुणी भांडलं नाही, तरी नुकसान! गर्दी वाढली की आपण म्हणतो "एवढे लोक मागे आहेत म्हणजे वस्तू भारीच असणार." खरं तर तेव्हाच जास्त सावध व्हायला हवं.

बेझरमन आणि सॅम्युएलसन यांनी १९८३ मध्ये हे करून दाखवलं. एमबीएच्या विद्यार्थ्यांसमोर ८ डॉलर किमतीच्या वस्तूंच्या बरण्या ठेवल्या. लोकांचा सरासरी अंदाज ५.१३ डॉलर, म्हणजे बिचारे कमीच समजत होते. आणि जिंकणारी सरासरी बोली? १०.०१ डॉलर! (एमबीएवाल्यांवर हसून घ्या, पण आपणही तिथेच असतो.)

२०११ मध्ये छापून आलेला ली आणि माल्मेंडिअर यांचा अभ्यास तर आणखी बोलका आहे. ईबेवर एक बोर्ड गेम लिलावातही होता आणि त्याच साइटवर ठरावीक किमतीलाही मिळत होता. तरी ४२ टक्के लिलावांत शेवटची किंमत त्या ठरावीक किमतीच्या वर गेली. म्हणजे स्वस्त वस्तू एका क्लिकवर होती, आणि लोकांनी बघितलंच नाही. आपला बंड्या एकटा नाही.

मग करायचं काय?

लासलगावला कांद्याचा लिलाव रोज होतो. तिथला व्यापारी कांदा शोकेसमध्ये ठेवायला घेत नाही. तो पुढे कुठल्या भावाला जाणार, भाडं किती, सड किती, हा हिशेब डोक्यात ठेवूनच तो सवाल देतो. आयपीएलमध्येही तसंच. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले, आयपीएलमधली तोवरची सर्वांत मोठी बोली. पण प्रत्येक संघाला एकूण १२० कोटींची मर्यादा होती. मालक कितीही श्रीमंत असो, पर्स संपली की गप्प बसायचं. आपल्याला अशी पर्स कुणी लावून देत नाही, ती आपणच लावायची:

१. लिलाव उघडण्याआधी तीच वस्तू दुकानात आणि इतर साइट्सवर केवढ्याला मिळते ते बघा. तो आकडा म्हणजे छप्पर.

२. त्यातून पोस्टेज, कस्टम, रिपेअर वजा करा. उरेल ती तुमची कमाल बोली. कागदावर लिहा. रूममेटला दाखवा. रूममेट दुष्ट असेल तर उत्तम.

३. तो आकडा एकदाच टाका, शक्यतो शेवटी शेवटी, आणि मग क्रिकेट खेळायला जा. लवकर टाकलेली बोली इतरांना चढायला पायरी देते. काही वेळा विकणाऱ्याचाच माणूस खोटी बोली लावून भाव चढवतो, त्यालाही वाव मिळत नाही.

४. "अजून फक्त १०० रुपये" हे वाक्य मनात आलं की लॅपटॉप बंद. प्रत्येक पायरी १०० चीच असते, जिना मात्र लांब असतो.

५. उद्या कुठे भरायचे असलेले पैसे (फी, मेस, फॉर्म) त्या खात्यात ठेवूच नका ज्यातून बोली लागते.

हौसेला मोल नसतं असं आपल्याकडे म्हणतात. मान्य, १०० टक्के मान्य. पण मंडळी, हौस वस्तूची असू दे, समोरच्याला हरवायची नको. आणि हरलातच तर वाईट वाटून घेऊ नका. ज्याने तुम्हाला हरवलं, त्याला आता पैसे भरायचे आहेत!