तिसरा विषय काय टाकू?

बारावीचा निकाल लागला की द्वारकेच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक डायलॉग हमखास कानावर पडतो. 'भाऊ, दोन विषय टाकले, तिसरा काय टाकू?' कॉम्प्युटरवरची नजर न हलवता भाऊ विचारतो, 'मित्रानं काय टाकलंय?' झालं, विषय ठरला!

तुम्ही यंदा बी.ए. किंवा बी.एस्सी.चा फॉर्म भरणार असाल, तर दोन मिनिटं थांबा. हा तिसरा विषय आता नुसता पासिंगपुरता उरलेला नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या, म्हणजे आपल्या नाशिकच्याही, संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण आलं. त्यात पहिल्या वर्षी तुम्ही तीन विषय घेता आणि तिन्ही सारख्याच वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक होतो मेजर, एक मायनर आणि तिसऱ्याला टाटा. म्हणजे पुढे ज्या विषयात डिग्री मिळणार, तो या तिघांतलाच. पदवीचे निम्मे तरी क्रेडिट्स मेजरचे असतात, मायनरचे 18 ते 20. म्हणून तिसरा विषय म्हणजे तुमचा प्लॅन बी. समजा भूगोल घ्यायला आलात आणि वर्षभरात अर्थशास्त्र आवडायला लागलं, तर वळता येतं. पण अर्थशास्त्र त्या तिघांत असेल तरच.

द्वारका चौकात उभं राहिलं की एक रस्ता मुंबईकडे जातो, एक धुळ्याकडे, एक नाशिकरोडवरून पुण्याकडे, तर एक थेट जुन्या नाशकात शिरतो. चुकीच्या रस्त्याला लागल्यावर यू-टर्नला किती वेळ जातो, ते इथल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्यांना वेगळं सांगायला नको. दुसऱ्या वर्षानंतर मेजर बदलणं साधारण तसंच आहे.

मग येतो ओपन इलेक्टिव्ह. हा दुसऱ्या शाखेतलाच घ्यावा लागतो, आर्ट्सवाल्यांनी सायन्स किंवा कॉमर्सचा आणि सायन्सवाल्यांनी आर्ट्स किंवा कॉमर्सचा. बी.कॉम.ची रचना थोडी वेगळी आहे, पण ओपन इलेक्टिव्ह तुम्हालाही चुकत नाही. मुलं सगळ्यात जास्त हलक्यात घेतात ते यालाच. 'दोनच क्रेडिट आहेत ना?' हो, दोनच. पण थिअरीचे दोन क्रेडिट म्हणजे 30 तास! तेवढ्या वेळात अकाउंट्सची ओळख होते, नकाशा वाचता येतो, एक्सेलमध्ये डेटा मांडता येतो. आमच्या पत्रकारितेतही महापालिकेचं बजेट वाचता येणारा रिपोर्टर जाम भाव खातो.

'दोन टोकांचे विषय एकत्र घेऊन करणार काय?' हा घरातला ठरलेला प्रश्न. त्यावर दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव सांगा. 1907 मध्ये गोव्यात जन्मलेले कोसंबी गणिताचे प्राध्यापक. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये त्यांनी गणित शिकवलं, नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. याच माणसानं जुनी नाणी तराजूवर तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, वजन कमी होतं. हजारो नाण्यांची वजनं घेऊन संख्याशास्त्र लावलं, तर ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येतो. नाण्यावर लिहिलेलं नसलेलंही त्यातून बाहेर येतं. भारताच्या इतिहासावरचं त्यांचं 1956 चं इंग्रजी पुस्तक आजही अभ्यासलं जातं.

आणि नाणी म्हणाल तर ती आपल्या दारातच आहेत. 1906 मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीला चांदीच्या 13 हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. कोण जिंकलं, कोण हरलं, हे नाण्यांनीच सांगून टाकलं. त्र्यंबक रोडवर अंजनेरीला तर नाणेशास्त्राची संशोधन संस्थाच आहे. इतिहास मेजर आणि ओपन इलेक्टिव्हला संख्याशास्त्र, हे कॉम्बिनेशन मला तरी वेडेपणाचं वाटत नाही.

सगळ्यांनाच संशोधन करायचंय असं नाही, मान्य. तरी हिशेब मांडून बघा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाला 500 गुण असतात, एमपीएससीनंही आता तोच मार्ग धरलाय. बी.एड. केलंत तर कोणता विषय शिकवणार ते पदवीच्या विषयांवर ठरतं. अर्थशास्त्रात पुढे शिकायचं तर आयआयटीच्या 'जॅम'सारख्या प्रवेश परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्र समोर येतंच. तीन वर्षं गणिताला लांबूनच नमस्कार केला, तर तिथे अवघड जातं.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. नियमात चॉईस मोठा असतो, कॉलेजच्या टाइमटेबलात तो आक्रसतो. शिकवायला प्राध्यापक नसेल किंवा मुलं कमी असतील, तर यादीतला विषय वर्गात उगवतच नाही. त्यामुळे प्रॉस्पेक्टसवर भरोसा ठेवू नका, ऑफिसमध्ये जाऊन थेट विचारा: 'हा विषय दुसऱ्या वर्षी मेजर म्हणून इथे मिळतो का?' पहिल्या वर्षी शिकवतात, पण मेजर नाही, असंही असू शकतं. शक्य झालं तर सेकंड इयरच्या एखाद्या दादा-ताईला गाठा, त्यांना खरी परिस्थिती माहीत असते.

विषय कॉलेजात नाहीच मिळाला तर? 'स्वयम्' पोर्टलवर फुकट कोर्स आहेत. यूजीसीच्या नियमानुसार एका सेमिस्टरचे 40 टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करता येतात, पण कॉलेजची मान्यता आधी घ्या, नंतर नाही. शिवाय 2022 पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी आहे. दुसरी मुक्त विद्यापीठातून करता येते, आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर आपल्याच गोवर्धनला आहे. दोन्हींच्या परीक्षा एकाच दिवशी येत नाहीत ना, तेवढं तपासा.

फॉर्म भरायला निघताना एबीसी आयडी काढून ठेवा. तुमचे क्रेडिट्स त्याच खात्यात जमा होतात. आधारवरचं आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळतंय का, ते आजच बघा. स्पेलिंग दुरुस्त करायला वेळ लागतो आणि लास्ट डेट थांबत नाही.