इतरांना सांभाळणाऱ्यांचा शिणवटा

अंगात ताकद नाही, रात्री झोप लागत नाही, डोके सतत जड असते, जेवणावर वासना नाही. अशा तक्रारी घेऊन भोर आणि वेल्हे भागातून जे रुग्ण माझ्याकडे येतात, त्यांत एक वर्ग हटकून असतो. प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, आरोग्य केंद्रातील परिचारिका. रक्तदाब किंचित वाढलेला, पित्ताचा त्रास जुना. बाकी तपासण्यांत विशेष काही सापडत नाही. थोडे बोलते केले, की मग खरे दुखणे बाहेर येते. "मुलं समोर बसलेली असतात, पण मला आतून काही वाटतच नाही," असे एका शिक्षिकेने मला सांगितले. वीस वर्षे मुलांत रमलेल्या बाईंच्या तोंडचे हे वाक्य होते.

या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. आपल्याकडे शीण, शिणवटा हे चांगले शब्द आहेत. फरक एवढाच, की दिवसभराच्या लावणीने आलेला शीण रात्रीच्या झोपेने जातो; हा शीण रविवारच्या सुट्टीनेही जात नाही.

तीन खुणा

हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हा शब्द वैद्यकीय लिखाणात आणला. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात व्यसनी तरुणांसाठी राबणारे कार्यकर्ते काही महिन्यांतच कसे कोमेजून जातात, हे त्यांनी पाहिले होते. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासह हा शीण मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत.

पहिली, भावनिक थकवा. दुसऱ्याला देण्यासारखे मनात काही शिल्लक नाही असे वाटणे. दुसरी, कोरडेपणा. समोरचे मूल हे मूल न राहता पटावरचा एक आकडा होते. बाळंतीण ही एक 'केस' होते. तिसरी, आपल्या कामाचा काही उपयोग नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची व्याख्या करताना स्पष्ट म्हटले, की हा स्वतंत्र आजार नव्हे. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी ही अवस्था आहे.

यांतली दुसरी खूण सर्वांत घातक. थकलेला माणूस आपला थकवा ओळखतो. कोरडा झालेला माणूस मात्र 'आता मी व्यवहारी झालो' असे समजतो. आणि माझा अनुभव असा, की पाट्या टाकणाऱ्यांना हा शीण फारसा शिवत नाही. जीव ओतून काम करणारेच त्याच्या तावडीत सापडतात.

डोंगरातली नोकरी

शहरातही शिक्षकांना ताण असतो. पण आपल्या भागात त्याला डोंगराची जोड आहे. तोरणा-राजगडच्या कुशीतल्या वाड्या घ्या, नाहीतर भाटघर आणि नीरा देवघरच्या पाण्याकाठची गावे. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) पट लहान, म्हणून शाळा द्विशिक्षकी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. त्यांतले एक गुरुजी बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेले, की दुसऱ्याने पहिली ते चौथी हे चारही वर्ग एकट्याने सांभाळायचे. पावसाळ्यात धो धो पाऊस, दरड, चुकलेली एसटी. अडचण बोलून दाखवावी, तर जवळ समव्यवसायी माणूस नाही.

त्यातच माहितीचा तगादा. 'तातडीने पाठवा' असा निरोप संध्याकाळी मोबाईलवर येतो आणि रेंजसाठी टेकाड चढावे लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शिक्षणाबाहेरची कामे शिक्षकांना देता येतात. तरीही वर्ग सोडून कागद भरावे लागतात, ही शिक्षकांची तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे.

अंगणवाडी सेविकांचे तसेच. वजने घ्या, आहार द्या, पूर्वप्राथमिक शिकवा आणि २०२१ पासून सगळी नोंद पोषण ट्रॅकरवर करा. आशाताईंना तर ठरलेला पगार नाही. मानधनाचा काही भाग कामाच्या मोबदल्यावर अवलंबून. रात्री कळा सुरू झालेल्या बाईबरोबर गाडीत बसायचे आणि सकाळी स्वतःच्या घरचा स्वयंपाकही करायचा. कोरोनाच्या साथीत, २०२० च्या सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशा घरोघर फिरल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. गौरव योग्यच होता. पण त्याने शीण उतरत नाही.

दोष माणसाचा की कामाचा?

'मन खंबीर ठेवा', 'सकारात्मक विचार करा' असा सल्ला आपण सर्रास देतो. त्यामुळे आधीच खचलेल्या माणसाला वाटते, की आपणच कमी पडलो. मास्लाक आणि मायकेल लाइटर यांनी १९९७ मध्ये या शिणाची सहा कारणे मांडली. कामाचा अतिरेक, कामावर स्वतःचा ताबा नसणे, पुरेसा मोबदला किंवा कौतुक नसणे, सहकाऱ्यांची साथ नसणे, अन्याय होत असल्याची भावना आणि मनाला पटते त्याच्या उलट करावे लागणे. ही सहाही कारणे कामाच्या रचनेतली आहेत, स्वभावातली नाहीत. एखाद्या वाडीवरच्या आशाताईंना वा गुरुजींना ती लावून पाहा. किती लागू पडतात ते आपले आपल्याला कळेल.

आधी तपासणी, मग निष्कर्ष

मात्र प्रत्येक थकवा म्हणजे बर्नआउट नव्हे. आपल्याकडे स्त्रियांत रक्तक्षय फार आढळतो. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर दम आणि थकवा त्यानेही येतो. म्हणून हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

दुसरी शंका नैराश्याची. शाळेचा विषय निघाला की मन मिटते, पण घरी नातवंडात, शेतात किंवा सणावारात रमते, तर तो बहुधा कामाचा शीण. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर चांगले उपचार आहेत. वेळ दवडू नये. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. केंद्र शासनाची 'टेली मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.

काय करता येईल?

स्वतःपुरते काही नियम घालून घ्यावेत. काम आणि घर यांच्यामध्ये एक उंबरा असावा. परतीच्या वाटेवर दहा मिनिटे थांबून, आज काय साधले ते एकदा आठवावे आणि बाकीचे उद्यावर टाकावे. झोपेच्या वेळेला मोबाईल दूर ठेवावा. ताण घालवायला तंबाखू, मिश्री किंवा दारू जवळ करू नये. त्याने झोप आणखी बिघडते. हक्काची रजा आजारी पडेपर्यंत साठवू नये.

सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे बोलणे. केंद्राची शिक्षण परिषद, आशांची आरोग्य केंद्रातील मासिक बैठक, इथे सारे एकत्र येतातच. त्यातला अर्धा तास आकडे बाजूला ठेवून 'या महिन्यात काय जड गेले' यासाठी राखावा. आपल्यासारखेच दुसऱ्यालाही होते, हे कळले तरी निम्मे ओझे हलके होते.

वरिष्ठांना विनंती अशी, की एकच माहिती चार नमुन्यांत मागू नये, निरोप कामाच्या वेळेत द्यावेत आणि भेटीत चुकांआधी चांगले काम पाहावे. याला अनुदान लागत नाही.

गावानेही आपला वाटा उचलावा. शाळा व्यवस्थापन समिती केवळ सह्यांसाठी नाही. पावसाळ्यात बाहेरगावच्या बाईंच्या मुक्कामाची सोय, रात्री बाळंतपणाला निघालेल्या आशाताईंबरोबर घरातले एखादे माणूस, एवढे तर गावाच्या हातात आहे.

तालुक्याच्या टोकाच्या वाडीवर दुसरी शाळा नसते, दुसरी आशा नसते. तिथली एक बाई आतून कोरडी झाली, की तिच्यापुढच्या मुलांना पर्याय राहत नाही. त्यांना सांभाळणाऱ्यांना सांभाळणे हे उपकाराचे काम नाही. ते गावाच्या आरोग्याचेच काम आहे.