शाळेची बाग आणि शेतकऱ्याचे मूल

सन १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या उत्पादक कामाभोवती शिक्षण गुंफावे, असा ठराव केला. सन २०१९ मध्ये केंद्र सरकारने शाळांतून पोषण परसबागा करण्याविषयी सूचना काढल्या. कल्पना जुनी असून तिला सरकारचे पाठबळही आहे. तथापि खेड्यातील पालकांचा एक आक्षेप कायम आहे: कुदळ मारणे आमच्या घरी रोजचेच, त्यासाठी मुलास शाळेत का घालावे?

हा आक्षेप खोटा नव्हे. जेथे मुले केवळ माती उकरतात व पाणी घालतात, तेथे शिक्षण नसून बिनमजुरीचे काम आहे. शेतकऱ्याच्या मुलास खणणे शिकविण्याचे कारण नाही. मोजणे, नोंदणे व ताडून पाहणे हे मात्र शाळेने द्यावे.

याकरिता ११ फूट लांब व ११ फूट रुंद असे दोन वाफे शेजारी आखावेत. गुंठा १०८९ चौरस फुटांचा; सबब प्रत्येक वाफा गुंठ्याचा बरोबर नववा हिस्सा होतो. एकात कुजलेले शेणखत घालावे, दुसऱ्यात घालू नये. बी, पाणी व पेरणीचा दिवस सारखाच ठेवावा. निघालेला माल तोलून त्यास ३६० ने गुणिले की एकरी उताऱ्याचा हिशेब मुले स्वतः करितात. माल शाळेच्याच भोजनात पडावा, अन्यत्र जाऊ नये. उन्हाळ्याच्या सुटीत बाग वाळते. म्हणून जूनअखेर भेंडी-गवार, थंडीत मेथी-पालक घेऊन मार्चमध्ये वही पुरी करावी.

दुसरा पाठ उगवणीचा. सन २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही, अशा हजारो तक्रारी मराठवाडा व विदर्भातून झाल्या. सुटीपूर्वी मुलांनी घरच्या बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटावर मांडून, गुंडाळून सावलीत ठेवावेत व आठवड्याने मोड मोजावेत. ७० वा अधिक उगवल्यास बी चांगले. कमी असल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे, फारच कमी असल्यास बी बदलावे. पेरणीच्या तोंडावर हीच परीक्षा मुलाने घरी पुन्हा करावी. एका वाया गेलेल्या पेरणीचा खर्च वाचला, तर बापाचा आक्षेप आपोआप मिटेल.

शिक्षणहक्काच्या सन २००९ च्या कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. वाचकांपैकी जे अशा समितीवर असतील, त्यांनी पुढील सभेत बागेचा फोटो न मागता बागेची नोंदवही मागावी.